भट्टीवरचं मिठाचं पाणी

माझा धाकटा भाऊ काचेच्या भट्टीवर मिस्त्री आहे. पन्नाशी उलटली तरी मी त्याला बाळ्याच म्हणते आणि तो अजूनही माझं ऐकत नाही. डॉक्टरांचं मात्र अक्षर न् अक्षर पाळतो. गोळी चुकवणार नाही, वरून मीठ घेणार नाही. तरी मेलं ब्लडप्रेशर उतरेल तर शपथ. डॉक्टरांनी एका गोळीच्या दोन केल्या, मग डोस वाढवला.

दहा-बारा दिवसांपूर्वी भट्टीच्या विटा बदलायला काम बंद झालं. बाळ्या घरी बसला. भावजय अळणी वाढायची, हा निमूट गिळायचा. हळूहळू त्याचा चेहराच उतरला. उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी. "सुट्टी अंगावर आली," म्हणून आम्ही त्याचीच थट्टा केली. काल सकाळी मी गेले, तर मलाच विचारतो, "ताई कुठाय?" उठायला गेला आणि दारातच कोसळला.

हॉस्पिटलात कळलं, रक्तातलं सोडियम पार खाली गेलंय, प्रेशर तळाला, लघवी जवळजवळ बंद. "अलीकडे काय बदललं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काहीच नाही हो," भावजय रडतच म्हणाली. "घरात मीठ कधीचं कमी केलंय."

बाळ्याचा भट्टीवरचा जोडीदार दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मिठाचं पाणी तेवढं बंद झालं."

भट्टीवर घाम फार, म्हणून काका, म्हणजे तिथले सगळ्यात जुने कारागीर, मोठा जग भरून मिठाचं पाणी करतात. दिवसभर सगळ्यांनी प्यायचं. नको म्हणेल त्याला काका टोमणा मारणार, "या, पाहुणे आले."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "मीठ कमी पडलं की शरीरात एक हार्मोन वाढतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव. याची एक गोळी तो निरोप अडवते, दुसरी मीठ लघवीवाटे बाहेर काढते. कामावर तो इतकं मीठ पीत होता की गोळ्या पुऱ्या पडेनात, म्हणून त्या वाढल्या. घरी मीठ थांबलं. गोळ्या तेवढ्याच राहिल्या." मूत्रपिंडं कितपत सावरतील, ते त्यांनाही सांगता येईना.

आज बाळ्याने मला ओळखलं. बरं वाटायच्या आधी माझा रागच उसळला. "डॉक्टरांना सांगितलं का नाहीस रे, शहाण्या?"

"ते जेवणात काय मीठ, एवढंच विचारायचे," तो म्हणाला. "ते पाणी कुठे जेवणात होतं? ते कामातलं."

जोडीदार आजही आला होता, मी त्याच्याकडे वळले. "तुमच्यात अजून कोण घेतं या गोळ्या?"

तो उत्तर द्यायच्या आत बाळ्यानं त्याचा हात धरला. "काकांना फोन लाव. माझ्याच डॉक्टरांकडे जातात ते. घरी एकटेच असतात."

त्यानं लावला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. रिंग संपली. त्यानं पुन्हा लावला, आणि फोन कानाला तसाच धरून जिन्याकडे पळाला.