पडद्यावरचे नाचाचे सर

जुन्नरच्या बाजारपेठेत माझा नेट कॅफे होता, तेव्हा नाचाचे एक सर रोज दुपारी यायचे. मोटरसायकलवरून पडून त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि येडगावच्या शाळेचं गॅदरिंग तोंडावर आलेलं. शाळेत नुकतंच नेट आलं होतं, म्हणून सर माझ्याकडच्या कॅमेऱ्यापुढं बसून तिथल्या पोरांना नाच शिकवायचे. चांगल्या पायातली चप्पल दाराबाहेर काढूनच आत येत. "भाऊ, तोंड नाय दिसलं तरी चालंल, माझं हात दिसू द्या," एवढीच मागणी. बाकीची गिऱ्हाइकं हसायची. सरांना त्याचा पत्ता नसायचा.

गॅदरिंगला मीही गेलो. सर काठी टेकून टेपरेकॉर्डरजवळ उभे होते. गाणं रंगात आलं आणि सगळी पोरं हात वर करून एकदम थांबली. गाणं पुढं चाललं, पोरं हलेनात. मग मला आठवलं. शेवटच्या तालमीला, सरांचा हात असाच वर असताना, नेट अडकलं होतं. तिकडं पडद्यावर सर तसेच थिजले असणार, आणि पोरांनी तेही पाठ केलं होतं.

सरांनी टेप बंद केला. पोरं हलली, तसा चालू केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना मी म्हणालो, "सर, पोरं चुकली की."

"चुकली कुठं?" सर म्हणाले. "लई वर्षं शिकवतोय, भाऊ. माझ्याकडं इतकं नीट कुनी बघितलंच नव्हतं."