ग्वाल्हेरच्या अलीकडे

सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसात माझा लौकिक होता की मी आखलेलं वेळापत्रक चुकत नाही. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमांत वेळ सांभाळायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. वक्ता लांबला की मी चिठ्ठी पाठवायची: ‘कृपया आवरते घ्यावे.’ भल्याभल्यांना मी असं खाली बसवलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता.

त्या वर्षी माझे सासरे, बाबा, पुण्याहून पुंगोलला आमच्याकडे आले होते. शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला. निवृत्तीनंतर त्यांनी एकच माणूस धरून ठेवला, एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी फौजेचा एक आयरिश सेनापती. आयर्लंडचं नाव निघालं की माझ्या नवऱ्याला नेमकी काहीतरी कामं आठवत. म्हणून मीच त्यांना मंडळात वीस मिनिटं मिळवून दिली. आठवडाभर ते बाल्कनीत उभं राहून समोरून जाणाऱ्या एलआरटीच्या गाड्यांना भाषण ऐकवत होते. या विषयावरचं आयुष्यातलं पहिलंच भाषण, आणि वय बघता बहुधा शेवटचं.

भाषणाची सगळी धाव ग्वाल्हेरच्या लढाईकडे होती, हे मी तालमीत ऐकलं होतं. तिथले मराठी गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. लढाई जिंकलेल्या त्या सेनापतीने स्वतःच कबूल केलं, की शत्रूचं शौर्य जोखण्यात आपण कमी पडलो. हे सांगताना बाबांचा आवाज चढायचा.

रविवारी सेरंगूनच्या हॉलमध्ये ते छान रंगले. मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेलेला पोरगा, स्पेनमधल्या जखमा, मग चीनवरची मोहीम. त्या मोहिमेची जहाजं इथेच, सिंगापूरच्या बंदरात जमली होती, म्हटल्यावर मागच्या रांगेतली कुजबुजही थांबली. पण वीस मिनिटं झाली होती, आणि जेवण गार होत होतं. मी चिठ्ठी पाठवली.

“आता ग्वाल्हेर,” एवढं म्हणून बाबांनी ती वाचली, नीट घडी केली. “वेळ झाली. धन्यवाद.” आणि बसले.

मी माईकवरून त्यांच्या शिस्तीचं कौतुकसुद्धा केलं! आज आठवलं की अंगावर काटा येतो.

जेवणाच्या रांगेतून नागपूरचा एक इंजिनिअर ताट घेऊन त्यांच्याकडे आला. “काका, ग्वाल्हेरला काय झालं ते राहिलंच की!” मागोमाग आणखी चारपाच जण आले. एकाने खुर्ची ओढली. आमची लेक म्हणाली, “आजोबा, finish the story lah.”

बाबांनी पुरी ताटात ठेवली, हात पुसले आणि आधी माझ्याकडे वळले. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं,

“सूनबाई, किती मिनिटं आहेत?”