पायरीवरचा तांब्या

डाळमिलमध्ये तूर वाळवायची एक रीत आहे. तुरीला तेल लावून ती सिमेंटच्या मोठ्या पटांगणात पसरतात आणि उन्हात पलटत राहतात. त्यासाठी अनवाणी पाय लागतात. पाऊल न उचलता दाण्यांतून घासत सरळ चालायचं; मागं सरी पडते, खालचा ओला दाणा वर येतो. टोकाला पोचलं की वळायचं. लातूरला आल्यापासून मी हेच करून राहिलो, आणि ते मला आवडतंही.

अडचण व्हायची संध्याकाळी. अंग घरी यायचं, जीव तिकडंच राहायचा. तुरीच्या ढिगावरच्या ताडपत्रीचे कोपरे दाबले का? वर दगड ठेवले का? आठवीत शाळा सोडून इस्लापूरहून इतक्या लांब आलेल्या माणसावर कुणी एवढी तूर सोपवतं, हे उपकार मी विसरत नाही. म्हणूनच भ्यायचो, की एक ढीग भिजला तर हे सगळं जाईल. मग हातातला घास हातात ठेवून वॉचमनला फोन लावायचो. तो देगलूरकडचा म्हातारा आधी नीट सांगायचा. पुढंपुढं म्हणायला लागला, "ताडपत्री झोपली, बाबा. आता तूबी झोप."

यंदा संक्रांतीनंतर बायको पहिल्यांदा लातूरला राहायला आली. तिची कपड्यांची पिशवी खोलीतल्या खिळ्याला लटकली ती लटकलीच. पेटीत जागा असून ती कपडे काढेना. विचारलं तर म्हणाली, पाडव्यापर्यंत बघते, नाहीतर गावी जाते. मी म्हणालो, इथं काय कमी आहे?

"गावात तुम्ही नव्हता तर बाकीची माणसं तरी होती," ती म्हणाली. "इथं तुम्ही समोर बसता अन् तरी मी एकटीच."

त्या दिवशीही मी फोन केलाच.

आमची खोली गच्चीवर. खाली घरमालकीण राहते, उदगीरकडची. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अख्खी गल्ली तिला अव्वा म्हणते. आमच्याकडं उन्हाळ्यात नळ आला की सण असतो. असाच नळ आला तेव्हा अव्वानं शेवयांसाठी गहू धुतले आणि गच्चीवर धोतर अंथरून त्यावर पसरले. संध्याकाळी मी जिना चढून आलो, डोक्यात ताडपत्री. वर आल्यावर चपला काढल्या आणि गव्हात शिरलो. सरळ सरी पाडत त्या टोकाला गेलो, वळलो, निम्मा परत आलो, तेव्हा कठड्याजवळ बसलेल्या अव्वानं शांतपणे विचारलं,

"मजुरी काय घेणार?"

मी खाली पाहिलं. पांढऱ्या धोतरावर माझ्या तेलकट पायांचे पट्टे उमटले होते. बायको दारात उभी होती, तोंडाला पदर लावून हसत होती. माझा चेहरा बघून थांबली. गहू परत धुवायचे म्हणजे साठवलेलं पाणी मोडायचं. तिनं आमच्या ड्रमातलं पाणी काढलं, अव्वानं तिच्या ड्रमातलं, आणि दोघी गहू धुवायला बसल्या. मी पुढं झालो तर अव्वा म्हणाली, तू लांबच बरा. धुताधुता बायकोनं तिला पिशवीचं सगळं सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी खालच्या पायरीवर पाण्यानं भरलेला तांब्या होता. अव्वा शेजारीच बसलेली.

"पाय हितं धू," ती म्हणाली. "मिलबी हितंच सोड. सकाळी जाताना उचलून ने. कुणी चोरत न्हाई."

लातुरात उन्हाळ्याचं तांब्याभर पाणी कुणी उगीच देत नाही. ते रोज माझ्यासाठी भरून ठेवलेलं असायचं, आणि अशा पाण्यानं पाय धुऊन वर गेल्यावर पुन्हा मिलमध्ये शिरायची लाज वाटायची. लगेच जमलं असं नाही. कधी पाय धुऊनही हात फोनकडं जायचा. मग माझा 'हॅलो' ऐकून खालून अव्वाचा आवाज यायचा, परत धुवायचे का? बायको खुसखुसायची, आणि मी फोन खाली ठेवून तिला गल्लीतलं काय ते विचारायचो.

पाडव्याच्या तोंडावर शेवया झाल्या आणि गच्चीवर काठ्यांवर वाळत पडल्या. आम्ही जेवायला बसलो होतो. एकदम वारं सुटलं, धूळ उडाली, पत्रे वाजायला लागले. मी ताट सोडून उठलो. बायकोनं माझ्या चपलांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी अनवाणीच गच्चीवर पळालो. काठ्या उचलून उचलून खोलीत आणल्या, खालून अव्वा हळू, मोडतील, म्हणून ओरडत होती. थोड्या मोडल्याच. केसांत शेवया घेऊन मी परत ताटावर बसलो.

"मिलकडं न्हाई गेलात?" बायकोनं विचारलं.

"तिथं वॉचमन हाय," मी म्हणालो. "शेवयाला कोण हाय?"

ती हसली, माझ्या डोक्यातली एक शेवई काढून ताटाच्या कडेला ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. वॉचमनच होता. एवढं वारं सुटूनही माझा फोन नाही, म्हणून त्यालाच घोर लागलेला. "बरा हायेस न?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, बरा आहे, जेवतोय. तूर झाकली का, हे विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी अव्वानं आमच्या वाट्याच्या शेवया दिल्या. आमच्याकडं एवढा मोठा डबा नव्हता. बायकोनं इकडंतिकडं पाहिलं, खिळ्यावरची पिशवी उतरवली, कपडे घडी घालून पेटीत ठेवले, पिशवी धुऊन वाळवली, तिच्यात शेवया भरल्या आणि परत त्याच खिळ्याला लटकावली.