घरमालकांना दिसलेली पेशी

वर्धा जिल्ह्यात डास सोडले, तर माणसाच्या रक्तावर माझ्या घरमालकांइतकं प्रेम कुणी केलं नसेल. दवाखान्याच्या तपासणी खोलीत ते दिवसभर लोकांचं रक्त काचेवर पसरून पाहत, आणि घरी आल्यावर स्वतःच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तेच करीत. माणसं त्यांना नावानं आठवत नसत. बाजारात कुणी रामराम केला की ते आधी त्याची खालची पापणी ओढून पाहत आणि मग ओळख देत, "हां, तुम्ही पोळ्याच्या वेळचे हिवतापवाले." मी तळेगावहून कॉलेजसाठी वर्ध्याला आलो, तेव्हा आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच होतो. चार घरांत पहिला प्रश्न जातीचा झाला आणि खोली मिळाली नाही. या गृहस्थांनी जात विचारली नाही, बोट मागितलं. थेंबभर रक्त घेऊन आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, "चांगलं आहे. जंत असतील थोडे. उद्या सामान घेऊन येजो."

त्या काळात त्यांना एकाच गोष्टीनं पछाडलं होतं. दवाखान्यातल्या एका परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं, की रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं शरीरातल्या प्लाझ्मा पेशी तयार करतात. इंग्रजी बेताचंच; तो लेख त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन पावसाळाभर वाचला. जेवता जेवता मला समजावून सांगत, "कापसाचं जिनिंग पाह्यलं ना तू? हंगामात मालक आपली गादी कोपऱ्यात सारते अन् सारी जागा यंत्रांले देते. तशीच हे पेशी. केंद्रक एका बाजूले लोटलेलं, बैलबंडीच्या चाकावानी आरे असलेलं, बाकी सारा कारखाना. ज्या रोगासाठी उभी राह्यली, त्याच्याच पुरता माल काढते."

अडचण अशी, की ही पेशी राहते गाठींमध्ये आणि हाडांच्या मगजात. वाहत्या रक्तात सहसा येत नाही. तिच्यासाठी त्यांनी मुदतीच्या तापाची, म्हणजे टायफॉइडची, लस टोचून घेतली आणि रोज स्वतःचं बोट टोचलं. बोटांची चाळणी झाली. "मिरच्या निवडाले बसवलं की पळून जातात," अशी त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, तक्रार असे. एकदा पेशी सापडली, पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या डोळा लावला आणि "ही नेहमीचीच पांढरी पेशी" म्हणून हसून निघून गेले. तेव्हापासून घरमालकांनी निश्चय केला, की दुसऱ्या कुणीतरी शिकलेल्या माणसानं ती पेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे. "एकट्यानंच पाह्यलं त्याले लोक भास म्हणतात," ते म्हणत.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मलाच मुदतीचा ताप आला. त्यांनी पॅसेंजरनं नागपूरला जाऊन नव्या औषधाच्या कॅप्सूल आणल्या, मला पाणी उकळूनच पाजलं, आणि रोज सकाळी माझं बोट टोचलं. गावाहून आलेल्या माझ्या आईनं तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी ती दारात आडवी उभी राहिली.

"भाऊ, काऊन रोज रक्त काढून राह्यले? लेकराच्या अंगात राहू द्या ना थोडं."

"बाई, याच्या अंगात कारखाना सुरू झाला. मले त्यातला एक कामगार पाहाचा आहे."

"मंग माह्यं रक्त घ्या."

"तुमचा कारखाना बंद आहे. तुम्हाले ताप नाई."

"मंग याचाही बंद करा लवकर."

"बंद कसा करू? त्याचाही भरवसा आहे मले, निस्त्या औषधाचाच नाई."

दहाव्या दिवशी माझ्या रक्तात ती पेशी सापडली आणि त्यांनी सूक्ष्मदर्शक उचलून माझ्या खाटेशी आणला. आईनं मला पाठीमागून धरलं. मी डोळा लावला. जांभळं धुकं दिसलं, दुसरं काही नाही. पण ज्यांनी मला छप्पर दिलं, औषध आणलं, ते श्वास रोखून शेजारी उभे होते.

"दिसली," मी म्हणालो.

"केंद्रक कुठं आहे?"

"मधोमध."

त्यांनी यंत्रावर फडकं टाकलं. रागावले नाहीत. "माह्यासाठी पाहू नको," एवढंच म्हणाले. "दिसंल तवा सांगजो."

पेशीभोवती शाईची बारीक खूण करून त्यांनी ती काच जपून ठेवली. ताप उतरला. रोज संध्याकाळी ते विचारीत, "आज डोळे ठरतात का?" अखेर एक दिवस मी भिंत धरून खिडकीशी ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकापर्यंत चालत गेलो आणि पुन्हा पाहिलं. निळसर, अंड्यासारखी पेशी; केंद्रक अगदी कडेला लोटलेलं.

"कडेला आहे," मी म्हणालो. "आणि आरे मोजता येतात. सात."

त्यांनी मला बाजूला सारलं आणि बराच वेळ मोजलं. "आठ."

"सात, काका."

"आठ आहेत. नीट पाह्य."

काकूंनी ताटं वाढली तरी आमचा वाद चालूच होता. त्या पेशीवरून त्यांच्याशी भांडणारा माणूस त्यांना आजवर भेटलाच नव्हता. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नाही. डॉक्टरांकडे तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी परीक्षेला बसलो, पास झालो, पुढे मास्तर झालो. दर सुट्टीत भेटायला गेलो की ते दारातच म्हणत, "आठ," आणि मी म्हणे, "सात." शेवटच्या भेटीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माझा हात चाचपत ते म्हणाले, "सातच असतील, बापू. तुह्ये डोळे चांगले."

मी लगेच म्हणालो, "नाही काका, आठच होते." पण त्यांनी हट्ट सोडला होता, आणि मला तो हवा होता.