तारखेचा मेसेज

कोर्टात नवीन अर्ज दाखल करून घेण्याच्या खिडकीवर मी सहा वर्षं बसलो. माणूस खवचट म्हणून माझी ख्याती होती. कागद अपुरे असले की पक्षकाराला परत पाठवताना मला बरं वाटायचं, हे आता लिहायला हरकत नाही. मग वरून सुधारणा आल्या. अर्जावर मोबाईल नंबरचा रकाना आला आणि पुढची तारीख थेट फोनवर जाऊ लागली. गरिबाची खेप वाचेल, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. माझा सहसा कशावर विश्वास बसत नाही, त्यावर मात्र बसला.

त्याच सुमारास मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची बाई आली. दोन एसट्या बदलून ती वाशीमला पोचली होती. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं आणि सात वर्षांची मुलगी ठेवून घेतली होती. मुलीचा ताबा मिळावा म्हणून तिचा अर्ज होता. वकील सरकारी मदतीतून मिळालेला. मी नंबर विचारला. तिनं दहा आकडे घडाघडा सांगितले. मी ते लिहिले आणि ऐटीत म्हणालो, "आता चकरा मारू नका. तारीख फोनवर येईन."

दिवाळीनंतर ती भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. उन्हाळ्यात परतली ती सरळ माझ्या खिडकीशी.

"साहेब, तारीख आलीच नाही."

मी संगणकात पाहिलं. अर्जदार तीन तारखांना गैरहजर, वकीलही नाही. अर्ज निकाली निघाला होता. मेसेज तिन्ही वेळा गेलेत, असं म्हणून मी तिला नंबर वाचून दाखवला.

"हा तं माह्या सासूचा नंबर हाय."

"मंग तुमी देल्ला काहून?"

"तुमी नंबर इचारला. कोणाचा, ते कुठं इचारलं?"

ती रागानं बोलली नाही. पूर्वी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची तेव्हा मुलगी आजीजवळ राहायची. मुकादमाच्या फोनवरून रोज संध्याकाळी ती त्या नंबरावर मुलीशी बोलायची. स्वतःचा फोन तिच्याकडे कधीच नव्हता. जगात तिला तेवढाच एक नंबर पाठ होता. आणि मी तिच्यावर खेकसलो होतो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

ज्या महिन्यात तिचा अर्ज निकाली निघाला, त्या महिन्यात आमच्याकडे निकाली प्रकरणं भरपूर झाली होती. वरून शाबासकी आली, आम्ही चहा-कचोरी खाल्ली. मीही दोन कचोऱ्या खाल्ल्या.

प्रकरण पुन्हा चालवायला घ्यावं, असा नवा अर्ज करावा लागला. गैरहजेरीचं कारण काय लिहू, असं वकिलांनी मला विचारलं. खरं सांगितलं असतं तर मला फार तर एक नोटीस मिळाली असती. मी म्हणालो, "मजुरीसाठी बाहेरगावी होती, असं लिवा."

तोवर माझी बदली, जिच्यापुढे तिचं प्रकरण होतं, त्याच न्यायाधीशांच्या कोर्टात झाली होती. सुनावणीला मी साहेबांच्या खालच्याच टेबलाशी होतो. "मुलीची एवढी ओढ आहे, तर तारखेला यायला काय झालं होतं?" साहेबांनी भरकोर्टात तिला झापलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फाइलची दोरी सोडत बसलो. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर माझं ओझं तरी उतरलं असतं.

प्रकरण पुन्हा चालवायचा अर्ज मंजूर झाला, पण त्यात आणखी एक हंगाम गेला. अखेर मुलीला साहेबांच्या खोलीत बोलावलं. आता ती नऊ वर्षांची होती, दोन वेण्या, शाळेचा गणवेश. आई बाहेर थांबली. फाइल घेऊन मी आत उभा होतो. साहेबांनी मुलीला पाणी दिलं, शाळेचं विचारलं, मग हळूच विचारलं, कोणाजवळ राहायचं?

"आजीजवळ."

"आईकडे का नको?"

"आई येत नाही. आजीले वाचता येत नाही, तं तारखेचा मेसेज मीच वाचून दाखवला. तिन्ही खेपा बाबासंग मी इथं आली. बाहेर बाकड्यावर बसून राह्यली. आई आलीच नाही."

साहेब लिहून घेऊ लागले. नंबर कोणाचा ते न विचारता मी लिहिला, एवढं एक वाक्य तेव्हाही बोलता आलं असतं. मुलीनंही ते ऐकलं असतं. मी घसा खाकरला, साहेबांनी वर पाहिलं, आणि मी म्हणालो, "पंखा वाढवू का, साहेब?"

बाहेर आई उभी होती. "काय म्हणे माही पोरगी?"

"साहेब सांगतीन," मी म्हणालो आणि पुढच्या केसची फाइल आणायला गेलो.