पुलावरचा सांधा

बायपास होऊन घरी आल्यापासून आमचे हे फार शहाण्यासारखे वागू लागले. आमटीत मीठ नसलं तरी "छान झालीय." टीव्ही मध्येच बंद केला तरी "बरं." सगळी नोकरी रेल्वेत, रुळांच्या कामावर, इगतपुरीपासून मनमाडपर्यंतच्या गँगमनांवर ओरडण्यात गेलेली. त्या माणसाचं ते "बरं" ऐकलं की मी यांच्या कपाळाला हात लावून बघायचे. मला माझा भांडकुदळ नवरा परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

लेकीने बंगळुरूहून खेळण्यातली आगगाडी पाठवली. फोनवर म्हणाली, "आई, बाबांना गुंतव." मीही हौसेने माळ्यावरून तिच्या लहानपणीच्या गाडीचा लोखंडी पूल काढला. पूल सुरेखच, पण त्यावरचे जुने रूळ जाड आणि उंच, नवे मात्र शेवयांसारखे बारीक. हॉलमधल्या टेबलावर दोन्ही जोडले की पुलाच्या तोंडाशी इंजिन अडखळायचं आणि धाडकन आडवं व्हायचं.

त्यात यांनी सांध्यात मुद्दाम फट ठेवली होती. का, तर उन्हात रूळ वाढतो, पुलापाशी तर जागा सोडायलाच हवी!

"अहो, आपल्या हॉलमध्ये कुठलं आलंय ऊन?" मी म्हटलं.

एरवी रुळांच्या बाबतीत मी तोंड उघडलं असतं तर यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "बरं," आणि मुकाट्याने फट मिटवली. मला इतकं वाईट वाटलं! जिंकून असं रडू यावं?

फट गेली, पण उंची तशीच. इंजिन परत पडलं. यांनी ते उचललं, रुमालाने पुसलं आणि खोक्यात ठेवायला लागले. "राहू दे गं. आता नाही जमत मला काही."

माझं डोकंच फिरलं. नाही जमत म्हणजे काय? दवाखान्याच्या बाकावर मी काय असलं ऐकायला सगळे देव पाण्यात घालून बसले होते? गोळ्यांचं रिकामं खोकं टराटरा फाडलं, पुठ्ठ्याची जाड घडी केली आणि बारक्या रुळाच्या टोकाखाली कोंबली. दोन्ही रूळ वरून सारखे झाले. इंजिन यांच्या हातातून काढून घेतलं आणि दिलं सोडून. ते पुठ्ठ्यापर्यंत आलं, नाक वर केलं आणि उलटं पडलं.

"अगं ए! हात काढ आधी तो!" हे असे कडाडले की शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या. "अशी चढण देतात का कुठे? एकदम उचलतेस काय! लांबून पातळ पातळ थर देत आणायचं, पुलाशी आलं की सपाट! काडीची अक्कल नाही आणि निघाली रूळ टाकायला!"

मी तडक स्वयंपाकघरात गेले. ओट्याला टेकून, पदर तोंडात कोंबून, हुंदके देऊन रडले. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

बाहेरून हाक आली, "कुठे उलथलीस? पुठ्ठा आण अजून!"

"आणते की!" डोळे पुसत मीही तितक्याच जोरात ओरडले. "मी काय तुमची गँगमन आहे?"