मल्लूचा आगीचा डेक

फोन आला तेव्हा मी कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात उभा होतो. मल्लूचा मेहुणा तिकडून ओरडत होता आणि मी इकडून, ‘कोण गेलं?’ नाव ऐकूनही डोक्यात शिरेना. मल्लिनाथ? अहो, परवाच्या रविवारी माझ्यासमोर बसून पत्त्यांत हरून, चहा पिऊन गेलेला माणूस... बाहेर येऊन पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, वर्षभर पोटात गाठ होती, हैदराबादला इलाज चालू होता. घरच्यांना सगळं ठाऊक होतं. मला नव्हतं. मला तो सांगायचा, ‘माल बघायला चाललोय.’ कापडाचं दुकान त्याचं, शंका तरी कशाला यावी? त्या दिवशी सगळे रडत होते आणि मी त्याच्यावर चिडून भिंतीला टेकून उभा होतो. दीड महिना झाला, तो राग काही उतरत नाही.

दोस्ती शाळेतली. त्याच्या घरी कन्नड, माझ्या घरी तेलुगू, भांडायला मराठी. शाळेसमोरच्या दुकानात पत्त्यांची पाकिटं मिळायची. प्रत्येक पानावर एक प्राणी, कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी विजेचा. पानं जमवून लढायचं, त्या गठ्ठ्याला डेक म्हणायचं. बाकीची पोरं चार जाती मिसळायची. मल्लूनं मात्र जाहीर करून टाकलं, ‘मी फक्त आग. तू पाणी घे बे, श्रीन्या.’ पाण्याचा मार आगीला दुप्पट बसतो हे माहीत असून! तेव्हापासून पाकीट कुणीही फोडलं तरी त्यातली आग त्याची आणि पाणी माझं. लग्नं झाली, केस पिकायला लागले, तरी हा नेम मोडला नाही. रविवारी दुपारी त्याच्या घराखालच्या दुकानाच्या माळ्यावर बैठक, मध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी. वहिनी खालून हाक मारायच्या, ‘संपला का तुमचा पोरखेळ?’

पोरखेळ कसला, मल्लूचं ते तत्त्वज्ञान होतं. प्राण्याला चालवायला त्याच्याच जातीची शक्तीची पानं लागतात. मिसळलेल्या डेकमध्ये हातात पाण्याचा प्राणी येतो आणि शक्ती येते आगीची, मग बसा बोंबलत. ‘एका जातीचं तसं न्हाई,’ तो म्हणायचा. ‘पान येतंच. आणि समोरच्याला आधीच ठाऊक असतंय तू काय टाकणार ते. लपवायला काय न्हाईच की! तरी जिंकायचं, त्याला खेळ म्हणायचं.’ त्याचा सगळा भरवसा एका ड्रॅगनवर. तो तीन टप्प्यांनी मोठा व्हायचा, फार सावकाश. तोवर मल्लू आपले लहान लहान प्राणी मला मारू द्यायचा, चटणी चाटत शांत बसायचा. मग ड्रॅगन उभा राहिला की माझं पाणी वाफ होऊन जायचं. दोन-दोन तास चालायचा एकेक डाव. लई माज होता गड्याला त्या ड्रॅगनचा.

गेल्या काही महिन्यांत मात्र मी जिंकायला लागलो. लागोपाठ! अर्ध्या तासात डाव खलास. ‘पानच येईना बे,’ तो हसून म्हणायचा, पत्ते गोळा करून भिंतीला पाठ लावायचा. मी काय, हवेत. कारखान्यात सांगितलं, बायकोला सांगितलं, एकदा तर सगळ्यांना लस्सी पाजली. त्यानंही प्यायली. घोटभर.

मागच्या आठवड्यात वहिनींनी त्याचा पत्त्यांचा डबा माझ्या हातात दिला. माळ्यावर बसून उघडला, पानं मांडली. सगळी आग, पण सगळे चिल्लर प्राणी. ड्रॅगन नाही. त्याचे तिन्ही टप्पे गायब. कुणी चोरला की काय म्हणून मी धावत खाली आलो. वहिनींनी देव्हाऱ्याखालचा खण ओढला, रुमालात बांधलेली पानं काढली.

‘ही व्हय? त्यांनीच काढून ठेवली होती भावजी. जास्त वेळ बसवत नव्हतं ना. म्हणायचे, ही काढली की डाव लवकर आटपतो, आणि श्रीन्याला कळतबी न्हाई.’

कळतबी न्हाई! अरे, एका जातीच्या डेकला पान येतंच हे तूच शिकवलंस ना? आणि तोंड वर करून मला सांगत होतास, पान येईना... आजार लपवलास, एक वेळ समजलं असतं. पण खेळातही खोटं? मला लहान पोरासारखं जिंकवलंस? ‘बसवत नाही बे, आडवा होतो, तू नुसता थांब,’ एवढं म्हणायला काय जात होतं तुझं? थांबलो असतो की रे. दिवसभर थांबलो असतो. तसले जिंकलेले डाव मला नकोत, एकही नको.

परवाच्या रविवारी माळ्यावर गेलो. ड्रॅगनच्या जागी भरलेली तेवढी चिल्लर बाजूला काढली, ड्रॅगन परत घातला, चांगलं पिसलं. दोन्हीकडची पानं मीच वाटली, मीच खेळलो. त्याच्या बाजूचं एकही पान मुद्दाम चुकवलं नाही, माझ्या बाजूचंही नाही. खालून कुणी हाक मारली नाही. ऊन खिडकीतून सरकत भाकरीच्या ताटापर्यंत आलं, तेव्हा कुठं ड्रॅगन उभा राहिला. मी हरलो. त्याच्या रिकाम्या गादीकडं बघून मोठ्यानं म्हणालो, ‘आता कसं आलं बे पान?’